फी कुणाच्या खात्यात गेली, हे आधी बघा

गुरुजी, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भाचा दिग्रस तालुक्यातला, बारावी सायन्स झालेला. मेलबर्नच्या एका खाजगी कॉलेजातून आयटीचा डिप्लोमा आणि त्याला जोडून डिग्री, असं ऑफर लेटर आलं आहे. अमरावतीचा एजंट म्हणतो, पहिल्या वर्षाची पूर्ण फी आणि त्याचे प्रोसेसिंगचे मिळून 14 लाख शुक्रवारपर्यंत त्याच्या फर्मच्या खात्यात टाका, नाहीतर सीट जाईल. भाऊजींकडे सहा एकर कोरडवाहू, कापसाचा चुकारा नुकताच हाती आलेला, बाकी रक्कम नातेवाइकांकडून जमवायची. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: कॉलेज खरं आहे हे कसं कळावं, उद्या कॉलेज बंद पडलं तर पैसे कोण देणार, आणि या एजंटच्या वर कुणी आहे की नाही.

एजंटच्या खात्यात एक रुपयाही फी टाकू नका. हे आधी सांगून ठेवतो, कारण शुक्रवार जवळ आहे. बाकीचं सावकाश वाचा.

मी मूळचा दारव्ह्याकडचा. अकरा वर्षं मेलबर्नमध्ये खाजगी कॉलेजांच्या अनुपालन विभागात काम केलं. म्हणजे कॉलेज सरकारी नियमांप्रमाणे चालतं की नाही, विद्यार्थ्यांचे करार, फी, हजेरी, तक्रारी नीट ठेवल्या जातात की नाही, हे बघायचं. परत आल्यापासून यवतमाळ, वाशीम, अमरावती या पट्ट्यातल्या मुलांचे कागद तपासून देतो. कमिशन कुणाकडून घेत नाही.

2009 चं वर्ष तिकडे फार वाईट गेलं. भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या तेव्हा आपल्याकडच्या पेपरातही पहिल्या पानावर होत्या. त्याच सुमारास मेलबर्न आणि सिडनीत खाजगी कॉलेजं एकामागून एक बंद पडत होती, त्याची चर्चा मात्र इकडे फारशी झाली नाही. स्वयंपाक, केशकर्तन असे कोर्स शिकवणारी कॉलेजं झपाट्यानं वाढली होती, कारण त्या कोर्सवरून पुढे कायमचं राहण्याची वाट मिळत असे. ती वाट आवळली गेली, मुलं येईनाशी झाली आणि आजच्या फीवर कालची देणी भागवणारी कॉलेजं कोसळली.

अशाच एका कॉलेजच्या काचेच्या दारापुढे मी एका सकाळी उभा होतो. तिथल्या मुलांना आमच्याकडे सामावून घेता येईल का, हे बघायला आम्हाला बोलावलं होतं. दाराला आतून एक कागद चिकटवलेला, त्यावर प्रशासक नेमल्याची चार ओळींची नोटीस. बाहेर साठ-सत्तर मुलं थंडीत उभी. त्यात वणीकडचा एक पोरगा होता. काखेत कापडी गुंडाळी, त्यात कुकरीच्या वर्गाच्या सुऱ्या, नव्याकोऱ्या. मी मराठी बोलतो हे कळल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "सर, ह्या सुऱ्या आता कोठी नेऊ?" मला उत्तर सुचलं नाही.

दोन दिवसांनी त्याचे कागद बघितले. नागपूरच्या एजंटच्या पावती पुस्तकातली पिवळी पावती होती, हातानं लिहिलेली: वर्षाची फी पूर्ण मिळाली. कॉलेजच्या हिशेबात त्याच्या नावावर एकाच टर्मची फी जमा दिसत होती. बाकीची रक्कम वाटेतच कुठेतरी थांबली होती. भरपाई द्यायला तिथे तेव्हाही निधी होता, पण त्यानं कॉलेजच्या दप्तरात जमा झालेलीच रक्कम धरली. पिवळ्या पावतीला तिथल्या कायद्यात किंमत नव्हती. पोरानं पैसे भरले होते, हे मला पटत होतं. ते पटून काही उपयोग नव्हता.

तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर या एका पावतीत आहे. ऑस्ट्रेलियाचा कायदा शिक्षण संस्थेला बांधतो. फी संस्थेच्या खात्यात पोचली आणि संस्थेशी लेखी करार झाला, की तुमचा भाचा त्या कायद्याच्या छपराखाली येतो. पैसे अमरावतीच्या फर्मकडे असेपर्यंत तो बाहेर उघड्यावर असतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण विकणाऱ्या संस्थांसाठी ऑस्ट्रेलियानं 2000 साली खास कायदा केला. तिकडे सगळे त्याला 'ईसॉस' म्हणतात. त्याखाली संस्थांची एक सार्वजनिक नोंदवही आहे, तिचं नाव 'क्रिकॉस'. या नोंदवहीत नाव नसलेल्या संस्थेला स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला शिकवताच येत नाही. संस्थेला एक कोड असतो, पाच आकडे आणि एक अक्षर. तो ऑफर लेटरवर, वेबसाइटवर, जाहिरातीवर छापावा लागतो. प्रत्येक कोर्सला आणखी वेगळा कोड असतो. आपल्याकडचे लोक संस्थेचं नाव शोधून समाधान मानतात आणि कोर्सचा कोड बघायचा राहून जातो. संस्था नोंदलेली आणि कोर्स मात्र नोंदलेला नाही, असं होऊ शकतं. तुमच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. डिप्लोमा आणि डिग्री जोडून दिलेली असली की बऱ्याचदा दोन्ही संस्था वेगळ्या असतात. व्यावसायिक शिक्षणावर 'अस्क्वा' या नियामकाची देखरेख असते आणि उच्च शिक्षणावर 'टेक्सा'ची. डिग्री कुठून मिळणार आहे ते ऑफर लेटरमध्ये शोधा आणि त्या संस्थेचा कोडही नोंदवहीत तपासा. नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते, दहा मिनिटांचं काम आहे.

पण यादीत नाव आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात दीडशेहून अधिक व्यावसायिक शिक्षण संस्थांची नोंदणी संपुष्टात आणली, कारण त्या प्रत्यक्षात काही शिकवतच नव्हत्या. तोवर त्यांची नावं कागदावर होतीच. अमेरिकेतलं उदाहरण तर फार क्रूर आहे. मिशिगनमध्ये 'फार्मिंग्टन विद्यापीठ' नावाची संस्था तिथल्या इमिग्रेशन खात्यानंच सापळा म्हणून काढली होती. सरकारी यादीत तिचं नाव होतं. 2019 च्या सुरुवातीला धरपकड झाली तेव्हा पकडलेल्या सुमारे 130 विद्यार्थ्यांत 129 भारतीय होते. वर्गच नाहीत हे काहींना नक्की माहीत असेल, पण 'यादीत आहे ना, मग झालं' असं समजणारेही त्यात असणार. म्हणून यादी बघितल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: आपल्या भागातलं कुणी तिथे आज वर्गात बसतं का? त्याला व्हिडिओ कॉल करा आणि दुपारी वर्ग चालू असताना कॉलेज दाखव म्हणा.

आता पैशाचं. कोर्स 25 आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर तो सुरू होण्याआधी संस्थेला त्या कोर्सच्या एकूण ट्युशन फीच्या 50 टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. विद्यार्थ्यानं स्वतःहून जास्त भरायचं ठरवलं तर भरता येते, ती सवलत 2015 च्या सुधारणेनं दिली. एजंट नेमकी हीच फट वापरतात. 'पूर्ण भरा, व्हिसा लवकर होतो' असं सांगतात आणि कागदावर तुम्ही स्वखुशीनं भरल्याचं दिसतं. जोडलेल्या कोर्सांत प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे डिग्रीच्या नावानं आज मोठी रक्कम भरायचं काही कारण नाही. शिवाय खाजगी संस्थेला ही आगाऊ फी मुलगा कोर्सला हजर होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, भाडं-पगारात ती वापरता येत नाही. 2009 सारखं पुन्हा होऊ नये म्हणूनच हे नियम आले. तेव्हाच्या गोंधळानंतर ब्रूस बेअर्ड या माजी खासदारांकडून कायद्याचा आढावा घेतला गेला, 2010 मध्ये अहवाल आला आणि 2012 च्या जुलैपासून 'ट्युशन प्रोटेक्शन सर्व्हिस' सुरू झाली.

ती अशी चालते. कॉलेजनं ठरलेल्या दिवशी कोर्स सुरू केला नाही किंवा मध्येच बंद केला, तर 14 दिवसांत त्यानं मुलाला दुसरीकडे तसाच कोर्स मिळवून द्यायचा किंवा न वापरलेली फी परत करायची. कॉलेजनं हात वर केले तर ही सेवा पुढे येते. दुसऱ्या कॉलेजात जागा शोधून देते, ते जमलं नाही तर न शिकवलेल्या काळाची फी निधीतून परत देते. त्या निधीत सगळ्या संस्था दरवर्षी वर्गणी भरतात. माझ्या मते परदेशी विद्यार्थ्यांसाठी जगात असलेल्या उत्तम व्यवस्थांपैकी ही एक आहे, आणि ती कशी चालते हे मी आतून बघितलं आहे.

पण तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगतो. परत मिळते ती फक्त ट्युशन फी, तीही न वापरलेली. विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट, एजंटचे प्रोसेसिंगचे पैसे, गावातल्या पतसंस्थेचं व्याज यातलं काहीही मिळत नाही. शिकवणं निकृष्ट आहे, म्हणून ही सेवा पैसे देत नाही. मुलगा वर्गात गेलाच नाही आणि त्याचा प्रवेश रद्द झाला, तर तेही तिच्या कक्षेत नाही.

व्हिसा नाकारला गेला तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण आपल्याकडे कॉलेज बंद पडण्यापेक्षा हीच अडचण कितीतरी जास्त येते. कोर्स सुरू होण्याआधी व्हिसा नाकारला आणि त्यामुळे मुलगा जाऊ शकला नाही, तर संस्था भरलेल्या रकमेचे 5 टक्के किंवा 500 डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल तेवढीच ठेवू शकते. बाकी चार आठवड्यांत परत करायची. हे कायद्यानं ठरलेलं आहे, संस्थेच्या मर्जीवर नाही. अमरावतीच्या फर्मला असा कुठलाही नियम लागू नाही. ती म्हणेल, 'कॉलेजकडून आले की देतो', आणि तुम्ही पुढच्या पोळ्यापर्यंत चकरा मारत राहाल. आणि व्हिसाची सरकारी फी, जी 1 जुलै 2025 पासून 2000 ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आहे, ती नकार आला तरी परत मिळत नाही.

ऑफर लेटर कसं वाचायचं ते सांगतो. पहिल्या पानावर लोगो, अभिनंदन, मुलाचं नाव. घरचे लोक तेवढंच बघतात आणि देवापुढे ठेवतात. मागच्या महिन्यात नेरजवळच्या एका घरी गेलो होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ अ, जातीचा दाखला आणि त्यांच्यामध्ये कुंकू लावलेलं ऑफर लेटर. नऊ पानांचं. मुलाला शेजारी बसवून मी सहाव्या पानावर बोट ठेवलं. तिथे परताव्याच्या अटी होत्या. त्याच्या खाली तक्रार कुठे करायची, त्याच्याही खाली फी भरायचं खातं. खातं संस्थेच्याच नावाचं होतं, ऑस्ट्रेलियातल्या बँकेतलं. मुलाचे वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे एजंटनं देल्लं खातं यात लिहेलच नाई?" नव्हतंच. तीन आठवडे ते पत्र त्यांच्या घरात होतं. इंग्रजी होतं म्हणून कुणी पुढची पानं उलटली नव्हती. गुरुजी, तुम्ही ती पानं वाचू शकता. आज रात्रीच वाचा.

त्या पानांत काय सापडलं पाहिजे ते सांगतो: कोर्सचं नाव आणि कोड, शिकवायची जागा, सुरू आणि संपायची तारीख, फी टप्प्याटप्प्यानं किती, फीशिवाय इतर खर्च कोणते, परतावा कधी आणि किती, तक्रारीची पद्धत. फी भरण्याआधी किंवा भरतानाच हा करार विद्यार्थ्यानं मान्य केलेला असला पाहिजे, असा तिथला नियम आहे. मुलगा 18 वर्षांच्या आतला असेल तर पालकाचीही मान्यता लागते. सही एजंटनंच मारली असेल तर ती आजच रद्द करून घ्या. हे मी गमतीत सांगत नाही, अशा सह्या मी कपाटं भरून बघितल्या आहेत.

एजंटच्या वर कुणी आहे का? तिकडून बघितलं तर आहे. संस्थांसाठी जी राष्ट्रीय संहिता आहे (सध्याची 2018 ची), तिच्यात चौथं मानक एजंटबद्दल आहे. संस्थेनं प्रत्येक एजंटशी लेखी करार करायचा, त्याचं नाव सरकारी प्रणालीत नोंदवायचं, तो खोटी माहिती देतो किंवा अप्रामाणिकपणे वागतो असं कळलं तर कारवाई करायची आणि गरज पडली तर त्याला काढून टाकायचं. म्हणजे एजंटच्या वागण्याची जबाबदारी कॉलेजवर येते, आणि कॉलेजला नोंदणी जाण्याची भीती असते. आपल्याला पकडायला हीच दोरी आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर अधिकृत एजंटांची यादी शोधा. तुमच्या एजंटचं नाव त्यात नसेल, तर तो बहुधा दिल्ली-मुंबईच्या मोठ्या एजंटचा हाताखालचा माणूस असेल. मग साखळी लांबते आणि पैसा अडकायच्या जागा वाढतात.

कॉलेजला थेट ईमेल करा. भाषा साधी ठेवा: अमुक एजंटनं वर्षाची पूर्ण फी त्याच्या खात्यात मागितली आहे, तुम्ही त्याला तसा अधिकार दिला आहे का? मी असा ईमेल घाटंजीच्या एका मुलीसाठी लिहून दिला होता. दोन दिवसांत कॉलेजचं उत्तर आलं की फी फक्त आमच्याच खात्यात भरायची, आणि त्याच संध्याकाळी एजंटचा फोन आला, आवाज एकदम मऊ. संहितेनं काय होतं, असं लोक विचारतात तेव्हा मी हे सांगतो.

तिकडे गेल्यावर तक्रार करायची झाली तर आधी कॉलेजकडे, तिथे 10 कामाच्या दिवसांत दखल घ्यायला सुरुवात झाली पाहिजे. समाधान झालं नाही तर लोकपाल. विद्यापीठ आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी 1 फेब्रुवारी 2025 पासून स्वतंत्र राष्ट्रीय विद्यार्थी लोकपाल आहे, खाजगी व्यावसायिक कॉलेजांच्या तक्रारी ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय लोकपालाकडे ('कॉमनवेल्थ ऑम्बुड्समन') जातात. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत, आणि तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. आपली मुलं या एका भीतीपोटी गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता इकडचं. इथे मन खट्टू होतं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. परदेशी शिक्षणाला मुलं पाठवणाऱ्याला ती लागत नाही. अमरावतीत गाडगेनगरला किंवा यवतमाळच्या बसस्टँडजवळ गाळा घ्या, शॉप ॲक्टचा कागद काढा, भिंतीवर झेंडे लावा, कार्यालय तयार. पंजाबनं 2012 साली कायदा करून अशा सल्लागारांना जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना घ्यायला लावला. त्या कायद्यानं तिथली फसवणूक संपली नाही. कॅनडात 2023 मध्ये खोट्या प्रवेशपत्रांवर गेलेल्या शेकडो मुलांचं जे प्रकरण उघड झालं, त्याचं मूळ जालंधरच्याच एका एजंटकडे होतं. तरी परवाना असला की तो रद्द करता येतो, निदान कुणाला धरायचं हे ठाऊक असतं. आपल्याकडे धरायला काही नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात अशा फर्मची एक साधी नोंदवही, त्यात मालकाचं नाव, कोणत्या संस्थांशी करार आहे ती प्रत आणि बँक खातं, एवढं जरी ठेवलं तरी निम्मे लोक गाळा खाली करतील असं माझं ठाम मत आहे. यासाठी आमच्यापैकी काही जणांनी निवेदनं दिली आहेत, पुढेही देणार.

तोवर जे हाती आहे ते वापरायचं. फी घेऊन सेवा देणारा सल्लागार ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतो. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे एजंट अमरावतीचा असो की दिल्लीचा, तुम्ही यवतमाळच्या जिल्हा आयोगात जाऊ शकता. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. सुरुवात 1915 या हेल्पलाइननं करा. सरळ फसवणूक असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318, पोलीस ठाण्यात. पण या सगळ्याला पुरावा लागतो, आणि आपला माणूस रोख देतो. 'साहेब, घरचेच संबंध आहेत' म्हणून देतो. रोख दिलेत की आयोगापुढे तुम्ही आणि तो एजंट, दोघांचे शब्द सारख्याच वजनाचे.

फी पाठवायचा मार्ग बँकेचा. दिग्रसच्या शाखेत जमलं नाही तर यवतमाळच्या परकीय चलनाच्या शाखेतून थेट कॉलेजच्या खात्यात पाठवा, पावतीवर विद्यार्थी क्रमांक घाला. वर्षाला 10 लाखांपर्यंतच्या रकमेवर आता टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही, त्यामुळे 'माझ्याकडून पाठवा, टॅक्स वाचतो' या एजंटच्या बोलण्यात काही राहिलेलं नाही.

कर्जाबद्दल एक गोष्ट. भाऊजी म्हणत असतील की शेत तारण ठेवू. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, पण बहुतेक बँका शिक्षण कर्जाला शेतजमीन घेत नाहीत, कारण थकलं तर 2002 च्या सरफेसी कायद्यानं शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. बँक नाही म्हणाली की लोक सावकाराकडे वळतात. तसं करण्याआधी गावठाणातलं घर, एनए प्लॉट किंवा नोकरदार नातेवाइकाची हमी यावर बघा. कर्ज बँकेचं असलं की रक्कम परस्पर कॉलेजला जाते, हा त्याचा मोठा फायदा आहे. आणि एजंट म्हणाला की 'बँक बॅलन्स आम्ही दाखवून देतो', तर तिथून उठा. अर्जात खोटा कागद सापडला तर ऑस्ट्रेलिया तीन वर्षांपर्यंत व्हिसा देत नाही, आणि ते डाग मुलाच्या नावावर लागतात. न्यूझीलंडमध्ये 2017 च्या फेब्रुवारीत काही भारतीय विद्यार्थ्यांना परत पाठवलं. त्यांनी ऑकलंडच्या एका चर्चमध्ये आसरा घेतला होता. खोटे आर्थिक कागद एजंटांनी जोडले, आम्हाला माहीतच नव्हतं, असं ती मुलं शेवटपर्यंत सांगत होती. फी परत देणारा कुठलाही निधी अशा वेळी मदतीला येत नाही.

बाकी देशांबद्दल थोडक्यात. कॅनडानं खोट्या प्रवेशपत्रांच्या त्या प्रकरणानंतर 1 डिसेंबर 2023 पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेणं सुरू केलं. तिथे शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे, त्यामुळे फीचं संरक्षण प्रांताप्रमाणे बदलतं. 2022 च्या सुरुवातीला क्यूबेकमधली तीन खाजगी कॉलेजं एकदम बंद झाली तेव्हा भारतातली सुमारे दोन हजार मुलं अडकली. ब्रिटनमध्ये संस्थेकडे विद्यार्थी बोलावायचा परवाना असतो. लंडनच्या एका सरकारी विद्यापीठाचा परवाना 2012 मध्ये काढला गेला, म्हणजे विद्यापीठ सरकारी असलं म्हणून निर्धास्त व्हावं असं तिथेही नाही.

शेवटी एमबीबीएसबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्या भागातून ऑस्ट्रेलियाला जितकी मुलं जातात त्यापेक्षा जास्त रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जियाला जातात. तुमच्या शाळेतलेही कुणी जातील. ऑस्ट्रेलियात आपण बघितलं की नियमाचा भार संस्थेवर आहे. इथे तो सगळा मुलाच्या डोक्यावर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान 54 महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं आणि ती पदवी त्या देशात प्रॅक्टिस करायला चालणारी हवी. 'नीट' प्रवेश परीक्षेत पात्र असणं आधीच बंधनकारक. यातली एक अट चुकली तर परत आल्यावर नोंदणी नाही. कॉलेजला काही दंड नाही, एजंटलाही नाही. सहा वर्षं आणि पंचवीस-तीस लाख गेले, ते मुलाचे गेले. फिलिपिन्सला गेलेल्या मुलांचं असंच झालं. तिथे आधी बीएस ही विज्ञानाची पदवी आणि मग वैद्यकीय, ती बीएसची वर्षं 54 महिन्यांत धरली जात नाहीत. आयोग कोणत्याही परदेशी कॉलेजला 'मान्यता' देत नाही, त्यामुळे 'एनएमसी अप्रूव्हड' असा बोर्ड दिसला तर तो बोर्डच खोटा आहे. कोणत्याही घरात असा विषय निघाला तर या चार अटी कॉलेजकडून लेखी मागा, एजंटच्या माहितीपत्रकातून नको.

आता शुक्रवारचं. ती मुदत ऑफर लेटरमध्ये लिहिली आहे का, ते बघा. बहुतेक वेळा ती फक्त एजंटच्या तोंडात असते. लेटरमध्ये असली तरी कॉलेज आठ-पंधरा दिवस सहज वाढवून देतं, मी स्वतः शेकडो मुलांना वाढवून दिले आहेत. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार ते साडेपाच तास चालतं. पहाटे पाचला ईमेल पाठवला तर तिकडे ऑफिस नुकतंच उघडलेलं असतं. भाच्याच्या स्वतःच्या ईमेलवरून पाठवा, एजंटनं उघडून दिलेल्या नको. त्याचा पासवर्ड एजंटकडे असतो. त्यात तीनच ओळी लिहा: माझा विद्यार्थी क्रमांक हा, फी मी थेट तुमच्या खात्यात भरणार आहे, मुदत दोन आठवडे वाढवून मिळावी. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून भाऊजींच्या कागदांच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या वर ठेवा.